टॅबलेट घ्यावा की मोबाइलच पुरे?

टॅबलेट हा शब्द आम्हा डॉक्टर मंडळींच्या तोंडी 'गोळी' याच अर्थाने बसलेला. 'एक टॅबलेट सकाळी, एक रात्री' असे लिहून देण्यात माझी पंचवीस-तीस वर्षे गेली. परंतु अलीकडे या शब्दाने दवाखान्यात निराळाच अर्थ धारण केला आहे. शाळा-कॉलेजे उघडण्याचे दिवस आले किंवा ऊसतोडीची उचल हातात पडली की तपासणी झाल्यावर पालक उठता उठता विचारतात, "डॉक्टरसाहेब, पोराला टॅब घ्यावा म्हणतो, का मोठ्या स्क्रीनचा मोबाइलच घेऊ?" हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा, डॉक्टरला कशाला, असे पूर्वी मला वाटे. आता तसे वाटत नाही. दुकानदार कॅमेरा सांगेल, बॅटरी सांगेल, हप्ते पाडून देईल. डोळा, मान आणि झोप यांचा हिशेब त्याच्या पावतीवर नसतो. म्हणून आज या विषयाचा थोडा सविस्तर विचार करू.

प्रथम आकाराचे गणित. सध्या सर्रास मिळणारा साडेसहा इंची मोबाइल उभा धरला तर त्याच्या पडद्याची रुंदी जेमतेम सात सेंटिमीटर भरते. दहा इंची टॅब उभा धरला तर ती साडेतेरा सेंटिमीटरच्या आसपास असते. एकूण क्षेत्रफळ पाहिले तर टॅबचा पडदा मोबाइलच्या जवळजवळ तिप्पट होतो. आता मुलांना क्लासवाले ज्या पीडीएफ नोट्स पाठवतात त्या बहुधा २१ सेंटिमीटर रुंदीच्या कागदासाठी तयार केलेल्या असतात. तो कागद मोबाइलवर पूर्ण उघडला की एक तृतीयांश होतो. म्हणजे कागदावर तीन मिलिमीटर उंचीचे अक्षर पडद्यावर एक मिलिमीटरचे उरते. टॅबवर तेच अक्षर दोन मिलिमीटरचे दिसते. त्यातून आपली देवनागरी! वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. एक मिलिमीटरच्या अक्षरात 'क्त' आणि 'क्र' ओळखताना धडधाकट डोळाही बारीक करावा लागतो.

याचा अनुभव मी स्वतः रोज घेतो. रुग्णांचे नातेवाईक रात्री-अपरात्री व्हॉट्सॲपवर ईसीजीचा फोटो पाठवतात. त्या कागदावरील लहान चौकोन एक मिलिमीटरचा असतो आणि एका चौकोनाच्या फरकावर निदान फिरू शकते. तो फोटो मी मोबाइलवर फक्त आला की नाही हे पाहतो. वाचतो टेबलावरच्या टॅबवर. तेव्हा टॅब ही चैनीची वस्तू आहे असे सरसकट म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

अक्षर लहान दिसले की मूल काय करते? मोबाइल डोळ्यांजवळ नेते. येथे खरा प्रश्न सुरू होतो. जवळचे पाहण्यासाठी डोळ्यातील भिंगाला फुगावे लागते आणि ते काम आतील एक बारीक स्नायू करतो. चाळीस सेंटिमीटरवरचे वाचायला त्याला जेवढा जोर लागतो, त्याच्या दुप्पट जोर वीस सेंटिमीटरवरचे वाचायला लागतो. नंबरच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या ठिकाणी अडीच आणि दुसऱ्या ठिकाणी पाच. टॅब सहसा मांडीवर किंवा टेबलावर राहतो म्हणून अंतर आपोआप वाढते. मोबाइल मात्र पालथे पडून, नाकाला लावून पाहता येतो, आणि मुले तसाच पाहतात. शिवाय एरवी आपण मिनिटाला पंधराच्या आसपास वेळा पापण्या मिटतो, पडद्याकडे टक लावली की ही संख्या निम्म्याहूनही खाली येते. डोळे कोरडे पडणे, चुरचुरणे, संध्याकाळी कपाळ दुखणे या तक्रारींचे मूळ पुष्कळदा येथे असते. आई सांगते, "डोकं दुखतंय, पित्त झालं असेल." मी आधी मोबाइल कुठे धरतोस ते करून दाखवायला सांगतो.

दूरचे न दिसणे, म्हणजे उणे नंबरचा चष्मा, हा दोष डोळ्याचा गोल लांबीला वाढल्यामुळे येतो. लांबी केवळ एक मिलिमीटर जास्त वाढली तरी अडीच-तीन नंबर पडतो, आणि वाढलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. जवळचे काम सतत करणे हे याचे एक कारण मानले जाते. परंतु त्याहून पक्का पुरावा दुसऱ्या गोष्टीचा आहे, तो म्हणजे उजेडाचा. घरात बल्बच्या प्रकाशात काहीशे लक्स उजेड असतो, बाहेर उन्हात दहा हजारांच्या वर. जी मुले रोज बाहेर खेळतात त्यांना हा दोष कमी जडतो, असे अनेक देशांत दिसून आले आहे. तैवानने तर २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे घराबाहेर काढण्याचा कार्यक्रमच राबविला. आपल्याकडे ऊन आहे, मैदान आहे, माजलगाव धरणाचे लांबवर पसरलेले पाणी आहे. त्या पाण्याच्या पलीकडच्या काठाकडे नजर लावली की डोळ्यातला तो बारीक स्नायू पूर्ण सैल पडतो. टॅब घेतला म्हणून हे टळत नाही आणि मोबाइल घेतला म्हणूनही टळत नाही.

वयाचा नियम मात्र स्पष्ट आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलाला कोणताच पडदा दाखवू नये. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांच्या आत. जेवण भरविताना मोबाइल लावून देणाऱ्या आया हे वाचून माझ्यावर रागावतील, हे मला ठाऊक आहे. रागावोत.

आता मान. न्यूयॉर्कमधील मणक्याचे शल्यचिकित्सक डॉ. केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये एक हिशेब मांडला. आपले डोके सुमारे पाच किलोचे. ते पुढे झुकविले की मानेवरचा भार वाढत जातो. तीस अंश झुकल्यास अठरा किलो आणि साठ अंश झुकल्यास सत्तावीस किलो. म्हणजे सिमेंटचे अर्धे पोते मानेवर घेतल्यासारखे. हे गणिताने काढलेले आकडे आहेत, जिवंत माणसाच्या मानेत काटा घालून मोजलेले नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे. तरी दिशा बरोबर आहे. येथे टॅब आपोआप जिंकत नाही. दहा इंची टॅब अर्धा किलोचा, मोबाइल दोनशे ग्रॅमचा. टॅब हातात धरून मनगट दुखते, म्हणून माणूस तो मांडीवर ठेवतो आणि मान आणखी खाली घालतो. पारायणाला पोथी ठेवतात तसला घडीचा लाकडी स्टँड घेऊन त्यावर टॅब ठेवावा, आणि तो स्टँड जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवावा. मोबाइलचा त्रास अंगठ्याला अधिक होतो. एका हाताने धरून त्याच हाताच्या अंगठ्याने तासन् तास रील्स सरकविणाऱ्या तरुणांना मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कळ येते. पूर्वी हे दुखणे तान्ह्या बाळाला सारखे उचलणाऱ्या बायकांत जास्त दिसायचे.

कामाचा विचार करताना मात्र मोबाइलचे पारडे जड आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. यूपीआयने पैसे पाठवायचे तर बँकेला जोडलेल्या नंबरचे सिम त्याच उपकरणात हवे. केवळ वायफायवर चालणाऱ्या स्वस्त टॅबवर ते होत नाही. आधारचा ओटीपी मोबाइलवर येतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी बांधावर उभे राहून, पिकाचा फोटो काढून करायची असते. त्यासाठी अर्धा किलोची पाटी घेऊन कपाशीतून कोण फिरणार? रात्रीची लाइट आली की मोटार सुरू करायला मोबाइल स्टार्टरला फोनच लावावा लागतो. अंगावरचे चट्टे दाखवायला फोटो पाठवायचा तर मोबाइलचा कॅमेरा त्याच किमतीच्या टॅबपेक्षा सहसा सरस असतो. सातबारा वाचायचा, पीक विम्याचा अर्ज नीट तपासायचा, येथे मात्र टॅब बरा.

परंतु आमच्या भागात एक वेगळीच अडचण आहे, ती जाहिरातीत कधी दिसत नाही. घरात मोबाइल एक. दिवाळीच्या सुमारास आई-वडील कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात ऊसतोडीला निघाले की मोबाइल त्यांच्याबरोबर जातो. आजीजवळ राहिलेल्या मुलाच्या अभ्यासाचे सगळे व्हिडिओ, सगळ्या नोट्स त्याच मोबाइलमध्ये. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळा मोबाइलवर आली, तेव्हा हे प्रकर्षाने जाणवले. मोबाइल हा कमावत्या माणसाचा, टॅब हा घराचा, असा भेद मी करतो तो यामुळे. टॅब घरी राहतो. बारावीची मुलगी नीटची तयारी करीत असेल तर तिच्या नावाची ती वस्तू असते, ती कोणी खिशात घालून नेत नाही. महाज्योती या शासकीय संस्थेने इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना नीट, जेईई आणि सीईटीच्या तयारीसाठी मोफत टॅब दिले आहेत. आपला पाल्य त्यात बसतो का, याची चौकशी उचलीतले पैसे मोडण्याआधी करावी.

स्वस्तात घेण्याच्या मोहाबद्दल दोन शब्द. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने 'आकाश' नावाचा सात इंची टॅब मोठ्या गाजावाजाने आणला. त्याचा पडदा स्पर्शाने नव्हे तर दाबाने चालणारा होता, बोट रेटावे लागे. पुढची आवृत्ती मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये प्रा. दीपक फाटक यांच्या देखरेखीखाली सुधारली गेली, तरी गावोगावच्या मुलांच्या हाती काही तो टिकला नाही. दुसरे उदाहरण ताजे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. दोन जीबी रॅमचे ते फोन तापत, मध्येच थांबत, आणि पोषण ट्रॅकरचे ॲप इंग्रजीत. बाळाचे वजन घ्यायचे सोडून बाई फोन चालू होण्याची वाट पाहत बसणार असेल तर त्या उपकरणाचा उपयोग काय? तेव्हा टॅब घ्यायचाच तर चार जीबीपेक्षा कमी रॅमचा घेऊ नये आणि कंपनी किती वर्षे अपडेट देणार हे आधी विचारावे. ॲपलचा आयपॅड २०१० पासून आहे, टिकतो चांगला, अपडेट वर्षानुवर्षे मिळतात. पण किंमत पाहता आणि दुरुस्तीला बीड-संभाजीनगर गाठावे लागते हे पाहता माजलगावच्या सर्वसाधारण घराला अँड्रॉइडच परवडेल. मुलांच्या वेळेवर बंधन घालण्याची सोय दोन्हींत आहे. ती चालू करणारे पालक मला फार थोडे भेटले.

करमणुकीच्या बाबतीत माझे मत थोडे जुन्या वळणाचे आहे. टॅब मध्ये ठेवला की चार जण मिळून कीर्तन ऐकतात, क्रिकेट पाहतात, मूल काय पाहते आहे ते जाता-येता दिसते. मोबाइल प्रत्येकाला आपापल्या कोपऱ्यात नेतो. सत्तरीच्या आजीला मोतीबिंदू असेल, बोटे थरथरत असतील, तर पुण्याच्या नातवाशी व्हिडिओवर बोलायला टॅबसारखे साधन नाही. बटणे मोठी, चेहरा मोठा. कानात बोंडे घालून ऐकणाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लक्षात ठेवावी: ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत, मुलांना ७५. साध्या भाषेत, शेजारी बसलेल्याला तुमच्या कानातले गाणे ऐकू येत असेल तर आवाज जास्त आहे.

रात्रीचे काय? बोस्टनमधील संशोधकांनी बारा जणांना पाच रात्री झोपेपूर्वी चार तास आयपॅडवर वाचायला लावले आणि पाच रात्री छापील पुस्तक. आयपॅडच्या रात्री झोप आणणारे मेलाटोनिन कमी झाले आणि झोप लागायला सरासरी दहा मिनिटे अधिक लागली. हा अभ्यास २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. दहा मिनिटे फार नव्हेत, असे कोणी म्हणेल. पण आमच्या रुग्णांची गोष्ट दहा मिनिटांची नाही; पांघरुणात शिरून एक-एक वाजेपर्यंत चालते. येथे टॅबचे वजन कामी येते. उताणे झोपून अर्धा किलोची वस्तू फार वेळ धरवत नाही, डुलकी लागली की ती नाकावर आदळते. मोबाइल मात्र उशीखाली मावतो. कोणतेही उपकरण घ्या, त्याचा चार्जर झोपायच्या खोलीत लावू नका, अंगणाकडच्या खोलीत लावा.

मूल टीव्हीच्या जवळ सरकून बसत असेल, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत असेल, लांबचे पाहताना डोळे बारीक करीत असेल, तर नवे उपकरण घेण्याआधी त्याला नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. प्रथम बाहुली विस्फारणारे थेंब घालून नंबर तपासण्याचा आग्रह धरावा, कारण मुलांचा नंबर नुसत्या मशीनवर पाहिला तर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. थेंबांमुळे त्या दिवशी, कधी कधी दुसऱ्या दिवशीही, मुलाला जवळचे धूसर दिसते. तेव्हा तपासणी परीक्षेच्या आदल्या दिवशी ठेवू नये.