एकटीसाठी चूल

आमच्या रत्नागिरीकडच्या वाडीत बारा घरं आहेत. त्यांतली पाच कुलुपात असतात. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात, तेवढे चार दिवस दारं उघडतात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांतली माणसं २००१ पेक्षा कमी भरली. तरणी माणसं मुंबई-पुण्याला गेली. मागं राहिली ती बरीचशी म्हातारी.

आमच्या शेजारी एक काकी राहतात. वय पंचाहत्तर. मुलगा मुंबईला असतो. पैसे वेळेवर धाडतो, त्याला नाव ठेवायला जागा नाही. गेल्या पावसाळ्यात काकी वाळत चालल्या. विचारलं तर म्हणायच्या, "भूक नाय गुरुजी, अंग दुखतं." आम्ही रोज त्यांच्या अंगणावरून जायचो. "बरं आहे ना काकी?" असं चालता चालता विचारायचो आणि उत्तर यायच्या आत पुढं जायचो. हे आमचं चुकलंच.

एक दिवस काकी पडवीत चक्कर येऊन पडल्या. त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला. आपण त्याला बीपी म्हणतो, तो. फार वाढला होता. मग त्यांनी विचारलं, "आजी, रात्री काय जेवलात?" काकी गप्प. थोड्या वेळानं म्हणाल्या, "एकटीसाठी चूल कशाला पेटवायची? सकाळची पेज होती, ती प्यायले." गोळीही चार दिवस घेतली नव्हती. घेतली का, म्हणून विचारणारं घरात होतं कोण?

मंडळी, एकटं राहणं हा काही रोग नव्हे. कित्येक माणसं एकटी राहतात आणि मजेत असतात. उलट भरल्या घरातही एखाद्याला एकाकी वाटतं. मुलानं मुंबईच्या खोलीत नेलेले आजोबा दिवसभर खिडकीशी बसून असतात, ते एकाकीच. मनातलं बोलायला ज्याला कुणी नाही, तो एकाकी.

असं महिनोन् महिने चाललं की ते शरीराला भोवतं. मनावर ताण राहतो. झोप तुटक लागते, रक्तदाब चढतो. हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. विसर पडण्याचा आजारही अशा माणसांत जास्त आढळतो. आम्हांला वाटायचं, हे सगळे मनाचे खेळ. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली हिशेब मांडला. एकाकीपणाशी संबंध असलेले मृत्यू जगात दर तासाला सुमारे १०० होतात. आमचा शाळेतला तास पस्तीस मिनिटांचा असे. हा पुरता साठ मिनिटांचा.

कानांकडेही पाहावं. ज्याला कमी ऐकू येतं, तो चारचौघांत बसायचं टाळतो. लोक हसतील असं त्याला वाटतं. कधी कधी कानात नुसता मळ साचलेला असतो. तो दवाखान्यात काढून देतात. घरी काडी घालू नये.

काकी घरी आल्यावर आम्ही त्यांना डबा पाठवू लागलो. ते त्यांना रुचलं नाही. "मी काय भिकारीण आहे?" म्हणाल्या. मग आमच्या सुनेनं युक्ती केली. "काकी, पिठीसाठी कुळीथ किती भाजायचे, ते येऊन दाखवा ना." काकी आल्या. दोन तास बसल्या, सुनेला दोनदा रागावल्या आणि पोटभर जेवून गेल्या. मुलालाही आम्ही सांगितलं. तो आता रोज रात्री आठाला फोन करतो. गोळी घेतलीस का, जेवलीस काय, असं विचारतो.

ज्यांना असं कुणीच नाही, त्यांच्यासाठी १४५६७ हा सरकारी फोन आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

काकी अजूनही अधूनमधून पेजेवर भागवतात. संध्याकाळी त्यांच्या कौलांतून धूर निघाला नाही, की आमची सून भात-आमटी घेऊन जाते आणि तिथंच बसून त्यांच्याबरोबर जेवते.