माणिक म्हणून मिरवलेला खडा

ब्रिटनच्या राजमुकुटात, कलिनन हिऱ्याच्या बरोबर वर, एक मोठा लालभडक खडा बसवला आहे. वजन सुमारे १७० कॅरेट, म्हणजे जवळजवळ तीन तोळे. १३६७ मध्ये कॅस्टिलच्या पेद्रो राजाने तो ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंग्लंडच्या युवराजाला दिला असं मानतात, म्हणून त्याचं नाव ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’. फक्त तो माणिक नाही, स्पिनेल आहे.

यात फसवणूक कोणी केली नव्हती. दोघांचा लाल रंग एकाच धातूचा, क्रोमियमचा. अंगं मात्र वेगळी. माणिक म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन. स्पिनेलमध्ये त्यांच्या जोडीला मॅग्नेशियम येतं. नुसत्या डोळ्यांना हे कळणार कसं?

काठिण्याने कळतं, पण ते काय कामाचं! मोह्सच्या श्रेणीत माणिक ९ वर, स्पिनेल ८ वर. म्हणजे माणकाने स्पिनेलवर ओरखडा उठतो. पण आपला खडा ओरबाडू देणारा मालक अजून जन्माला यायचाय.

त्यापेक्षा पाणी बरं. खडा आधी हवेत तोलायचा, मग पाण्यात बुडवून. चार कॅरेटचं माणिक पाण्यात बरोबर एक कॅरेटने हलकं भरतं, कारण ते पाण्याच्या चौपट जड. तेवढंच स्पिनेल पाण्याच्या ३.६ पट जड, म्हणून ते सुमारे १.११ कॅरेट गमावतं. फरक इवलासा, चांगला काटा तो सहज पकडतो. अल्-बिरुनी या विद्वानाने अकराव्या शतकात रत्नं अशीच पाण्याच्या हिशेबाने तोलली होती, आणि ‘याकूत’ म्हणजे माणिक व बदख्शानच्या खाणींतला ‘लाल’ म्हणजे स्पिनेल यांची वजनं वेगवेगळी नोंदवली होती. युरोपात ही फोड शास्त्रीय पद्धतीने व्हायला १७८३ उजाडलं. ती फ्रेंच खनिजतज्ज्ञ रोमे द लील याने केली.

मला स्वतःला सगळ्यांत आवडते ती प्रकाशाची परीक्षा. माणकात शिरलेला किरण दुभंगतो, आणि दोन्ही वाटांचे रंगही निराळे असतात. द्विवर्णदर्शक नावाच्या बोटभर नळीतून पाहिलं तर एका चौकटीत जांभळट लाल दिसतो, शेजारच्या चौकटीत नारिंगी लाल. स्पिनेलमध्ये किरण एकसंधच राहतो. दोन्ही चौकटी सारख्या. खडा दोन-तीन बाजूंनी फिरवून मात्र पाहावा, कारण एका विशिष्ट दिशेने माणिकही एकच रंग दाखवतं. आणि एकच रंग दिसला म्हणून लगेच स्पिनेल म्हणू नये. गार्नेट आणि काचही तसंच वागतात.

माणिक आणि स्पिनेल यांच्यातल्या या फरकाचं मूळ स्फटिकाच्या घडणीत आहे. स्पिनेलचा स्फटिक दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून ठेवावेत तसा अष्टफलक, सगळ्या दिशांना सारखा. माणकाची रचना षट्कोनी, त्यात एक दिशा बाकीच्यांहून वेगळी.

आपल्याकडे नवग्रहांच्या हिशेबात सूर्याच्या वाट्याला माणिक, त्यामुळे स्पिनेल म्हटलं की गिऱ्हाईक ‘म्हणजे नकली’ म्हणून मोकळं होतं. मोगल बादशहांना असला संकोच नव्हता. त्यांनी बदख्शानच्या लालांवर हौसेने आपली नावं कोरून घेतली. त्यांतला ३५० कॅरेटच्या वरचा ‘तैमूर माणिक’ लाहोरच्या खजिन्यातून ब्रिटिशांकडे गेला. तोही अर्थात स्पिनेलच.

ब्लॅक प्रिन्सच्या खड्याला पूर्वी कोणीतरी गळ्यात लटकवण्यासाठी भोक पाडलं होतं. पुढे त्या भोकाचं वरचं तोंड एका छोट्याशा खड्याने बुजवलं. तो खडा मात्र खरं माणिक आहे.