कूतचा वेढा, जमालपूरचा वेढा

निपाणीकडच्या आमच्या गावात पेन्शनीवर आलेले एक हवालदार आबा होते. पाराखाली बसून तंबाखूच्या काडीनं ते धुळीत दोन रेघा ओढायचे. "ही नदी, ही वाट. समोर डोकं आपटायचं न्हाई. मागची वाट धरायची, ठाणं आपसूक पडतंय." ते जंगी पलटणीचे. या दोन रेघांपर्यंत यायला त्यांच्या पलटणीला पंचावन्न वर्षं लागली होती.

७ डिसेंबर १९१५ रोजी टायग्रिसच्या वळणातल्या कूतला तुर्कांचा वेढा पडला. आत जनरल टाउनशेंडची पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात १०३ व ११० मराठा. सुरुवातीची चढाई फसल्यावर तुर्कांनी तटावर माणसं मारून घेणं थांबवलं. सुटकेला येणारी फौज त्यांनी नदीकाठीच अडवली आणि उपासमारीवर काम सोपवलं. विमानांतून पिठाची पोती टाकली, तीही पुरली नाहीत. घोडी कापून खाल्ली. १४७ दिवसांनी शरणागती आली. पुढच्या कैदेत हजारो मेले. बेळगावच्या कॅम्पात रंगरुटांना शौर्य शिकवतात ते योग्यच, पण कूतची हार मला त्याहून मोठी शिकवण वाटते.

१९२२ मध्ये १०३ ही मराठा रेजिमेंटची पहिली पलटण, म्हणजे आबांची जंगी पलटण, झाली आणि ११० तिसरी. रेजिमेंटचं केंद्र बेळगावला आलं तेही त्याच साली. १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनला तिसरी पलटण गोळ्या झेलत उभ्या कड्यावर चढली. समोरून जिंकलेल्या त्या लढाईची किंमत फार होती. हीच पलटण १९५२ मध्ये छत्रीधारी, दुसरी पॅरा झाली.

डिसेंबर १९७१, बांगलादेशची लढाई. पहिल्या पलटणीनं ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागं ढाक्याकडं जाणारा रस्ता धरला. शरण या, अशी चिठ्ठी ब्रिगेडियर क्लेर यांनी आत धाडली. आतल्या पाकिस्तानी ३१ बलुचचे कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री बलुच वेढा फोडून दक्षिणेला निघाले आणि मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळले. सकाळी जमालपूर पडलं. त्याच दिवशी, ११ तारखेला, आणखी मागं टांगाइलजवळ दुसरी पॅरा आभाळातून उतरली.

आबांची काडी इथं आडवी फिरायची. हा पुंगलीचा पूल. १२ डिसेंबरला कूतमधल्या त्या दोन उपाशी पलटणींची गाठ याच पुलाशी पडली.