नवा कॉम्प्युटर रुसला तर...

फ्रिस्कोतल्या आमच्या एका स्नेह्यांनी थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये सुटे भाग मागवले आणि चौदा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन घरीच कॉम्प्युटर जुळवायचा घाट घातला. गृहस्थ वीस वर्षे सॉफ्टवेअरमध्ये मुरलेले, पण कॉम्प्युटरचे झाकण उघडायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. रात्री अकराला बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच. अर्ध्या मिनिटाने बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. दुसऱ्या दिवशी तो कसाबसा सुरू झाला, तर मुलाने गेम लावताच दहा मिनिटांत आपोआप विझला. मग रॅम बदलून आणली. तिचा उपयोग झाला नाही म्हणून पॉवर सप्लाय बदलला. दुकानाची परतीची मुदत पंधरा दिवसांची. त्यातले तीन उरले असताना प्रोसेसरवरचा कूलर उचलून पाहिला, तर त्याच्या बुडाची पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी काढायचीच राहिली होती!

म्हणजे एकही भाग खराब नव्हता. दीड-दोन हजार डॉलर अडकले होते, घरात धुसफूस झाली होती, आणि "बाबा, मीच काहीतरी बिघडवलं" असे म्हणत मुलगा हिरमुसला होता, तो भाग निराळाच. पूर्वी प्लेनोच्या फ्राईजमध्ये जाऊन चार प्रश्न विचारता येत. ती दुकाने २०२१ च्या फेब्रुवारीत कायमची बंद झाली. आता भाग खोक्यातून दारात येतात, आणि खोके काही सल्ला देत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

सगळ्या लेखाचे सार आधीच सांगून टाकतो. नव्या कॉम्प्युटरमध्ये संशय पहिल्याने जोडणीवर घ्यावा, नंतर भागावर; आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर दोष कशात होता हे कळत नाही, आणि तो पुन्हा उद्भवला की पहिल्यापासून सुरुवात.

बटण दाबले, पण काहीच नाही

पंखाही हलला नाही, तर वीज आत पोचतच नाही. भिंतीतल्या सॉकेटमध्ये टेबललँप लावून पाहावा. पॉवर सप्लायच्या मागे एक छोटा स्विच असतो, तो चालू आहे ना ते बघावे. मदरबोर्डला जाणारा २४ पिनांचा मोठा प्लग खटका वाजेपर्यंत बसला आहे का, तेही तपासावे. यानंतरही शांतता असेल, तर समोरच्या बटणाची बारीक तार मदरबोर्डावर चुकीच्या पिनांना लागलेली असण्याचा संभव मोठा. माहितीपुस्तिकेतील आकृती बघून बटणाच्या त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवावे. यंत्र सुरू झाले तर दोष बटणात किंवा त्याच्या तारेत.

पंखे फिरतात, पडदा काळा

हा प्रकार सर्वांत जास्त घाबरवणारा, आणि बहुधा सर्वांत निरुपद्रवी. मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते आधी पाहावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच हवी. सवयीने ती वर मदरबोर्डाला लावली जाते. दुसरे म्हणजे, प्रोसेसरची वीज वेगळ्या तारेने येते. मदरबोर्डाच्या वरच्या कडेला आठ पिनांची जागा असते. ती रिकामी राहिली तरी पंखे आनंदाने फिरतात, पण प्रोसेसर उपाशीच असतो.

तिसरे कारण नव्या काळातले. डीडीआर-५ जातीची रॅम पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड तिची चाचपणी करून वेगाचा मेळ बसवतो. याला कधी कधी कित्येक मिनिटे लागतात आणि तोवर पडदा काळा असतो. आमचे स्नेही दर अर्ध्या मिनिटाने बटण दाबून हे काम अर्ध्यावर तोडत होते. म्हणून पहिल्या वेळी दहा-पंधरा मिनिटे वाट पाहावी. चहा करून प्यायला तेवढा वेळ लागतोच.

तेवढ्यानेही काम झाले नाही, तर मदरबोर्डावरचे चार बारीक दिवे शोधावेत. पुष्कळ बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि डिस्क यांचे एकेक दिवे असतात. जो पेटून राहतो, गाडी तिथे अडली आहे. रॅमचा दिवा असेल तर एकच पट्टी ठेवून, ती दोन्ही टोकांना घट्ट दाबून पाहावे.

उष्णतेची गोष्ट

आपल्या गावापासून तीसेक मैलांवर, डॅलसमध्ये, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बी यांनी १२ सप्टेंबर १९५८ रोजी जर्मेनियमच्या एका तुकड्यावर पहिले इंटिग्रेटेड सर्किट चालवून दाखवले. त्या कामासाठी त्यांना २००० साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या तुकड्यावर मोजके घटक होते. आज नखाएवढ्या जागेत अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात आणि प्रत्येकजण उघडझाप करताना थोडी थोडी ऊब सोडतो. कॉम्प्युटरने घेतलेली वीज शेवटी जवळजवळ सगळी उष्णतेतच जाते. गेम चालताना ५०० वॅट घेणारे यंत्र म्हणजे आपल्याकडच्या १५०० वॅटच्या खोलीतल्या हीटरचा तिसरा हिस्सा!

ही उष्णता प्रोसेसरमधून कूलरमध्ये, कूलरमधून हवेत आणि पेटीतून बाहेर अशी तीन टप्प्यांनी जाते. ती कोणत्या टप्प्यावर अडली, एवढेच शोधायचे असते. कॉम्प्युटर हे तापमान सेल्सियसमध्ये दाखवतो, हे आपल्या फॅरनहाइटच्या देशात विसरू नये: ९५ म्हणजे २०३ अंश फॅरनहाइट. पण आकडा पाहून लगेच घाबरण्याचेही कारण नाही. २०२२ मध्ये आलेले रायझन ७००० मालिकेतले अनेक प्रोसेसर भरपूर काम पडल्यावर ९५ अंशांपर्यंत जातील अशाच बेताने बनवलेले आहेत. काही काम नसताना ४०-५० अंश आणि जड कामात ७० ते ९० हे सर्वसाधारण समजावे. रिकामा बसलेला प्रोसेसर ७०-८० दाखवू लागला, तर मात्र नक्की काहीतरी चुकले आहे.

आता एक सोपी परीक्षा. यंत्रावर काम चालू असताना पेटीची बाजूची फळी काढावी. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर हवा अडते आहे: पंखे उलटे लागले असतील, जाळी कार्पेटवर टेकली असेल, किंवा पेटी टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडली असेल. फळी काढूनही फरक पडला नाही, तर कूलर आणि प्रोसेसर यांची गाठच नीट पडलेली नाही: प्लॅस्टिक राहिले, पेस्ट लावली नाही, किंवा एखादा स्क्रू सैल आहे. पाण्याचा कूलर असेल तर पंपाची तार जोडली आहे का तेही पाहावे. कूलर उचलला की जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी.

टेक्सासच्या उन्हाला दोष देण्याचा मोह होतो. २०११ च्या उन्हाळ्यात डॅलस-फोर्टवर्थला ७१ दिवस पारा शंभरीत होता, हे खरेच. पण खोली ७८ ऐवजी ८५ अंशांवर गेली तर सेल्सियसमध्ये फरक चारच अंशांचा, आणि प्रोसेसरही साधारण तेवढाच अधिक तापतो. वरच्या मजल्यावरच्या गेमरूममध्ये हे चार अंश जाणवतील, पण नवे यंत्र त्यांनी बंद पडत नाही.

बंद पडण्याची वेळही पुष्कळ सांगते. सुरू होताच काही सेकंदांत विझले तर कूलर किंवा जोडणी. दहा-वीस मिनिटांनी विझले तर साठणारी उष्णता. तापमान ठीक असून केवळ गेममध्येच विझले तर पॉवर सप्लाय किंवा ग्राफिक्स कार्डाची तार. २०२२ मध्ये काही नव्या कार्डांचे प्लग वितळले, तेव्हा प्लग पूर्ण आत न बसणे हे वारंवार आढळणारे कारण असल्याचे एनव्हिडियाने सांगितले होते. विंडोजच्या नोंदवहीत अशा वेळी 'कर्नल-पॉवर ४१' असे दिसते. त्याचा अर्थ 'यंत्र अचानक बंद पडले' एवढाच. का पडले, ते त्यात नसते.

हात केव्हा आवरावा

भाग खरोखर सदोष नसतातच असे नाही. २०२४ मध्ये इंटेलने १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याचे मान्य केले, ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली आणि हमीही दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर असेल तर मदरबोर्डाचे बायोस आधी अद्ययावत करावे. वर सांगितलेले सगळे करूनही दोष राहिला तर परतीच्या मुदतीचा शेवटचा दिवस गाठू नये. पावती आणि खोकी सांभाळून चार दिवस आधीच दुकान गाठावे. पॉवर सप्लाय मात्र कधीही उघडू नये; प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठलेली असू शकते. आणि तो भारतात पाठवायचा असेल तर त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिले आहे ना, ते वाचूनच पाठवावा.

आमच्या स्नेह्यांनी पट्टी काढली, पेस्ट लावली आणि रिकामा प्रोसेसर ७४ वरून ४३ अंशांवर आला. मुलाने तो आकडा वहीत लिहून ठेवला. पुढच्या महिन्यात शेजारच्या घरचा नवा कॉम्प्युटर अडला, तेव्हा बोलावणे बाबांना आले नाही, त्याला आले. गेल्या गेल्या त्याने पहिला प्रश्न विचारला, "काका, खालचं प्लॅस्टिक काढलंत ना?"