अंतराळयानावरची खुर्ची : 'स्टार ट्रेक' मालिका आपल्या मुलींना काय सांगते?

उर्दू बोलणाऱ्या घरात 'हुर्रियत' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. 'हुर्र' म्हणजे आझाद. हाच अरबी शब्द पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या स्वाहिली भाषेत गेला आणि 'उहुरू' झाला. अर्थ तोच राहिला, आझादी. पुढे त्याच शब्दावरून अमेरिकेतल्या एका टीव्ही मालिकेतल्या आफ्रिकी स्त्री अधिकाऱ्याचं नाव ठेवलं गेलं, लेफ्टनंट उहुरा. ती मालिका म्हणजे 'स्टार ट्रेक'.

आमच्या पुनावळे भागातले पालक आम्हा शिक्षकांना नेहमी विचारतात, "सर, मुलं मोबाईलवर अवकाशाच्या मालिका बघत बसतात. यात काही फायदा आहे, की नुसता टाइमपास?" प्रश्न योग्य आहे. म्हणून या सगळ्या मालिकांची थोरली बहीण म्हणता येईल अशा 'स्टार ट्रेक'बद्दल थोडं सविस्तर सांगतो.

मालिका काय आहे?

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर ती सुरू झाली. निर्माते होते जीन रॉडनबेरी. काळ २३ व्या शतकातला. 'एंटरप्राइझ' नावाचं यान नव्या ग्रहांचा शोध घेत फिरतं. लढाई जिंकण्यापेक्षा नवं जग समजून घेणं हा प्रवासाचा हेतू. पहिली मालिका तीन वर्षं चालली, ७९ भाग झाले आणि १९६९ मध्ये बंद पडली. नंतर मात्र पुनःप्रक्षेपणात ती इतकी गाजली, की पुढे अनेक मालिका आणि सिनेमे निघाले. आपल्याकडे १९८०च्या दशकात दूरदर्शनवर लोकांनी ती पाहिली. नासाच्या पहिल्या चाचणी स्पेस शटलला १९७६ मध्ये 'एंटरप्राइझ' हे नाव मिळालं, तेही प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडल्यामुळे.

यान कोण चालवत होतं?

खरी गंमत यानाच्या नियंत्रण कक्षात आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत काळ्या लोकांची हक्कांची लढाई चालू होती आणि रशियाशी शीतयुद्धही. अशा वेळी या कक्षात उहुरा संपर्क अधिकारी म्हणून बसते. सुलूची भूमिका करणारे जॉर्ज टाकेई जपानी वंशाचे. दुसऱ्या महायुद्धात केवळ वंशावरून संशय घेऊन अमेरिकेने हजारो जपानी कुटुंबांना छावण्यांत डांबलं होतं. लहानगा जॉर्ज त्यांतलाच एक. दुसऱ्या वर्षी चेकॉव्ह हा रशियन अधिकारीही आला. ज्यांच्याकडे संशयाने पाहिलं जायचं, तेच इथे यान चालवत होते.

उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर काम सोडणार होत्या. त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय, की त्यांना थांबवलं ते मार्टिन ल्यूथर किंग यांनी. आपली मुलं तुला तिथे बघतात, ती जागा रिकामी करू नकोस, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. निकोल्स थांबल्या. पुढे १९७७ मध्ये नासाने स्त्रिया आणि अल्पसंख्याकांनी अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करावेत म्हणून त्यांचीच मदत घेतली. १९७८ मध्ये निवडलेल्या तुकडीत अंतराळात जाणारी पहिली अमेरिकन स्त्री सॅली राइड होती आणि पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन अंतराळवीर गायन ब्लूफर्डही होते. १९९२ मध्ये अंतराळात गेलेल्या डॉ. मे जेमिसन लहानपणी उहुराला बघूनच भारावल्या होत्या.

मुंबईची इलिया आणि आपली माणसं

१९७९ मध्ये 'स्टार ट्रेक'चा पहिला सिनेमा आला. त्यात यानाची दिशा सांभाळणारी इलिया साकारली मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी. पारशी कुटुंबातली ही मुलगी १९६५ ची मिस इंडिया. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'बंबई रात की बाहों में' या सिनेमात तिने काम केलं होतं. इलियाच्या भूमिकेसाठी तिने डोक्यावरचे सगळे केस काढले.

मुसलमानांचं काय? खरं सांगायचं तर सुरुवातीला आपल्याला खुर्ची नव्हती. १९६७ च्या एका भागात 'खान' आहे, पण तो खलनायक. १९९३ मध्ये सुरू झालेल्या 'डीप स्पेस नाइन' मालिकेत मात्र डॉ. ज्युलियन बशीर आले. बशीर म्हणजे खुशखबर देणारा. भूमिका केली सुदानमध्ये जन्मलेल्या अलेक्झांडर सिद्दीग यांनी. २००९ च्या सिनेमात पाकिस्तानात वाढलेले फरान ताहिर यानाचे कॅप्टन झाले.

पडद्याबाहेरची गोष्ट याहून मोठी आहे. इराणमध्ये वाढलेल्या अनुशेह अन्सारी लहानपणी 'स्टार ट्रेक' बघायच्या. अमेरिकेत जाऊन त्या इंजिनिअर झाल्या, कंपनी काढली आणि सप्टेंबर २००६ मध्ये स्वखर्चाने अंतराळ स्थानकावर जाऊन आल्या. पुढच्याच वर्षी रमजानच्या शेवटच्या दिवसांत मलेशियाचे डॉ. शेख मुझफ्फर शुकूर तिथे गेले. स्थानक दिवसाला सुमारे सोळा वेळा पृथ्वीभोवती फिरतं. मग नमाजची वेळ कुठली आणि किबला कुठे? मलेशियाच्या उलेमा आणि शास्त्रज्ञांनी एकत्र बसून मार्गदर्शिका काढली. वेळ उड्डाणाच्या ठिकाणाची धरावी. तोंड शक्यतो काबाकडे, ते जमलं नाही तर पृथ्वीकडे, तेही नाही तर जमेल तिकडे. दीन आणि विज्ञान एका टेबलावर बसले, की वाट निघते ती अशी.

गोष्ट कुठली, विज्ञान कुठलं?

मुलांना एवढं जरूर सांगा, की मालिकेतलं सगळं खरं नाही. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. त्याहून वेगाने जाणारं यान आजच्या विज्ञानाला माहीत नाही. माणूस एका जागी अदृश्य होऊन दुसरीकडे प्रकट होतो, ती युक्ती तर दर भागात यान उतरवण्याचं चित्रीकरण महाग पडत होतं म्हणून काढली.

तारे मात्र खरे आहेत. पाऊस उघडला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इशाच्या नमाजनंतर मुलांना घेऊन गच्चीवर जा. हायवेच्या आणि टॉवरच्या उजेडातही दोन ठळक तारे दिसतात. वायव्येला अभिजित, म्हणजे व्हेगा. त्याच्या डावीकडे श्रवण, म्हणजे अल्टेअर. व्हेगा हे अरबी 'वाक़े'चं रूप, अल्टेअर 'अत-ताइर'चं. 'ताइर' म्हणजे उडणारा, पक्षी, हे उर्दू शिकणारं मूल लगेच सांगेल. श्रवण सुमारे १७ प्रकाशवर्षं दूर आहे. आज बारावीत असलेली तुमची मुलगी जन्मली, त्या सुमारास तिथून निघालेला प्रकाश आज तिच्या डोळ्यात शिरतो.

मग घरी काय करायचं?

आम्ही वर्गात दरवर्षी बघतो. दहावीला विज्ञान-गणितात भावापेक्षा जास्त मार्क पडलेल्या मुलीला ऐकावं लागतं, की कॉलेज लांब आहे, दोघांच्या क्लासची फी झेपणार नाही, आधी त्याचं बघू. कारखान्याच्या पगारात घर चालवणाऱ्या अब्बांची अडचण खोटी नाही. पण खुर्ची रिकामी होते ती तिचीच. घरात फीचा हिशोब मांडाल तेव्हा दोघांचे मार्क समोर ठेवा आणि शिष्यवृत्तीची चौकशी दहावीच्या निकालाआधीच सुरू करा.

तोवर मुलांबरोबर बसून एखादा भाग पाहा आणि नंतर विचारा, यातलं शक्य काय, अशक्य काय? एखाद्या रविवारी चिंचवडचं सायन्स पार्क दाखवा. पुणे विद्यापीठाच्या आवारात डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली 'आयुका' संस्था आहे. तिथे शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होतात, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनालाही कार्यक्रम असतो. नारळीकरांच्या मराठी विज्ञानकथाही लायब्ररीत मिळतील.

आसमान आणि जमिनीच्या रचनेवर, रात्र-दिवसाच्या फेऱ्यावर विचार करा, असं कुरआन वारंवार सांगतं. हे आवाहन मुलगा आणि मुलगी दोघांनाही आहे. अल्लाह आपल्या मुलींच्या इल्ममध्ये बरकत देवो. आमीन.