हस्तलिखितासोबतचे पत्र : अर्ज नव्हे, ओळख

नालासोपारा-विरारच्या चाळींतून पहाटेची लोकल पकडून कामावर जाणारे आपले कितीतरी तरुण लिहितात. वहीत लिहितात, आता मोबाईलवरही लिहितात. हस्तलिखित पुरे होते आणि ट्रंकेत पडून राहते. कारण पुढची पायरी कोणी सांगितलेली नसते. ती पायरी म्हणजे प्रकाशकाला लिहावयाचे पत्र.

इंग्रजी ग्रंथव्यवहारात लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये एजंट असतो. तो हस्तलिखित योग्य प्रकाशकाकडे नेतो, कराराच्या अटी ठरवतो आणि लेखकाच्या प्राप्तीतून, बहुधा शेकडा १५, कमिशन घेतो. त्याला आधी एक पानी पत्र धाडायचे असते. मराठीत हा एजंट रुजला नाही. येथे दार लेखकालाच ठोठवावे लागते.

याचा अर्थ मध्यस्थ नव्हतेच असा नाही. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने प्रस्थापित मासिकांच्या चौकटीत न बसणाऱ्या लेखकांना पान दिले. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला १९७२ साली विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली ‘ग्रंथाली’ने काढले. बेबी कांबळे यांनी आपले लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. फलटणच्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या आग्रहाने ते बाहेर आले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने निघाले. या सर्वांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु ओळख असेल तरच दार उघडावे, ही व्यवस्था जुन्या व्यवस्थेचीच सावली आहे. ज्याच्या घरात पुस्तक पहिल्यांदाच शिरले, त्याची ओळख कोणाशी असणार? पत्र हे त्याचेच साधन आहे.

अडचण अशी की, पत्र म्हटले की आपल्या हाताला अर्जाची सवय असते. शिष्यवृत्ती, दाखला, रेशनकार्ड, घराचा उतारा, सारे आपण अर्ज करून मिळवले. म्हणून प्रकाशकालाही आपण लिहितो : ‘मी गरीब व मागासवर्गीय असून आपण कृपावंत होऊन माझे पुस्तक छापावे, ही नम्र विनंती.’ हे वाक्य पहिल्यांदा खोडावे. प्रकाशक उपकार करीत नाही. त्याला पुस्तक हवे असते, आपल्याकडे पुस्तक असते. हा समान पातळीवरचा व्यवहार आहे.

मग काय लिहावे? पहिल्या परिच्छेदात पुस्तक सांगावे : ‘वसईच्या मिठागरांत राबलेल्या एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांची ही कादंबरी आहे. हस्तलिखित १८० पृष्ठांचे असून पूर्ण झाले आहे.’ दुसऱ्यात गोष्टीचा पेच दोन-चार वाक्यांत मांडावा. ‘समाजाचे विदारक चित्रण’ असली सर्वांना बसणारी वाक्ये टाळावीत. तिसऱ्यात स्वतःविषयी : काम काय, पूर्वी कोठे छापून आले, याच प्रकाशनाकडे का पाठवतो. त्यासाठी त्या प्रकाशनाची दोन पुस्तके वाचलेली हवीत. सोबत एखादे प्रकरण जोडावे. मूळ प्रत कधीही देऊ नये.

जात लिहावी काय? पुस्तकाच्या आशयाशी तिचा संबंध असेल तर ताठ मानेने लिहावी. सहानुभूती मिळावी म्हणून लिहू नये, नाकारतील म्हणून लपवूही नये. आपले दुःख विकत घेणारा बाजार आज उभा आहे. तो अधिक दुःखाची मागणी करतो. त्याच्या मापाने पत्र बेतले की पुढचे पुस्तकही त्याच मापाने बेतले जाते. विज्ञानकथा किंवा विनोदी कादंबरी लिहिणाऱ्या दलित लेखकाने तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

होकार आला तरी घाई नको. ‘छपाईचा खर्च तुम्ही करा’ असे उत्तर आले, तर तो प्रकाशक नसून मुद्रणाचा ठेकेदार आहे असे समजून हिशेब मांडावा. वाचण्याचीच फी मागणाऱ्या एजंटापासून दूर राहावे. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची चौकशी करावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी कराराशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. अनुवादाचा हक्कही याच कॉपीराइटचा भाग आहे. ‘बलुतं’ इंग्रजीत २०१५ साली आले, मूळ पुस्तकानंतर ३७ वर्षांनी. पुस्तकाचे आयुष्य असे लांब असते. म्हणून ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांवर डोळे मिटून सही करू नये.

नकार येतील. उत्तरच न येणे हाही नकारच. तीन महिन्यांनी एकदा आठवण द्यावी आणि पुढच्या प्रकाशकाला लिहावे. कोणाला, कधी पाठवले याची वहीत नोंद ठेवावी. शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या वाचनालयात एक संध्याकाळ या पत्रासाठी द्यावी. अर्ज लिहायला आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवले. आता आपल्या लेखकाला पत्र लिहायला शिकवू या.