उधारीची मुदत 3 वर्षे, हुकूमनाम्याची 12! जुन्या कर्जाचा फोन आला तर सही करण्याआधी हे वाचा

सहा-सात वर्षांपूर्वीचे पर्सनल लोन. नोकरी गेली, हप्ते थांबले, हळूहळू बँकेचे फोनही थांबले. आता अचानक वसुली एजंट म्हणतो, ‘सध्या 500 रुपये भरा, या कागदावर सही करा, बाकीचे नंतर बघू.’ रक्कम किरकोळ. पण ती सही पूर्ण कर्जाच्या किमतीची ठरू शकते.

याचे कारण मुदतीचा कायदा, 1963. तारण नसलेल्या कर्जासाठी साधारणपणे 3 वर्षांत दावा दाखल करावा लागतो. ‘मागेन तेव्हा दे’ या बोलीवर दिलेल्या हातउसन्या पैशांची 3 वर्षे पैसे दिल्या दिवसापासून मोजतात, मागितल्या दिवसापासून नाही. ‘घरचाच माणूस, देईल की’ म्हणता म्हणता चौथे वर्ष लागते, ते इथेच. घर तारण असेल तर मात्र तारणावरील वसुलीच्या दाव्याला 12 वर्षे मिळतात.

मुदत संपली म्हणजे कर्ज माफ झाले का? नाही. दाव्याचा मार्ग बंद होतो, देणे शिल्लक राहते, असे सुप्रीम कोर्टाने 1957 मध्येच बॉम्बे डाइंग प्रकरणात स्पष्ट केले आहे.

सहीने काय बदलते?

मुदत चालू असताना कर्जदाराने देणे लेखी कबूल करून सही केली, की टायमर थेट रिसेट; 3 वर्षे नव्याने सुरू. मुदतीत थोडी रक्कम भरली आणि तशी नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असली, तरी तेच. मुदत उलटल्यावर नुसते 500 रुपये भरून ती पुन्हा सुरू होत नाही. मात्र ‘ही रक्कम फेडीन’ असे लेखी वचन सहीनिशी दिले, तर करार कायद्याच्या कलम 25(3) नुसार तो वैध करार ठरतो. त्यामुळे रकमेपेक्षा कागदावरचा मजकूर नीट वाचायला हवा.

समन्स आले तर?

‘कर्ज जुने आहे, कोर्ट काय करणार’ म्हणून समन्स बाजूला टाकणे सर्वांत महागात पडते. मुदतबाह्य दावा कोर्टाने स्वतःहून फेटाळायचा असतो, हे खरे. पण समोरच्याने जुनी सही दाखवली आणि ती खोडून काढायला कोणी हजरच नसेल, तर एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. मग 3 वर्षांचा हिशेब संपून 12 वर्षांचा सुरू होतो. या काळात दरखास्त दाखल करून मालमत्ता, बँक खाते, पगाराचा काही भाग जप्त करून घेता येतो. कर्जदार वारला, तर वारसांना मिळालेल्या मालमत्तेपुरती वसुली होते. ‘मूळ कर्जच मुदतबाह्य होते’ हा वाद दरखास्तीत पुन्हा उघडता येत नाही.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जाला फक्त 30 दिवस असतात. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात.

तारखा मोजताना कोविडचा काळ विसरू नका. 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा कालावधी सुप्रीम कोर्टाने मुदतीतून वगळला आहे. म्हणजे 15 मार्च 2019 रोजी दिलेल्या हातउसन्या पैशांची मुदत मार्च 2022 मध्ये नव्हे, तर जवळपास फेब्रुवारी 2024 अखेर संपली.